विद्यापीठात बिझनेस कंटिन्युइटी आणि डिझास्टर रिकव्हरीचं करिअर करायचंय? मग इथून सुरुवात करा

बिझनेस कंटिन्युइटी म्हटलं की लोकांना बँका आठवतात, विमा कंपन्या आठवतात, फार तर एखादं मोठं डेटा सेंटर. विद्यापीठात याच कामासाठी पगार देऊन माणूस ठेवतात हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांचा समज असा की आयटीवाले रात्री बॅकअप घेतात ना, तेच हे. मी याच कामात आहे आणि यात शिरायचं कसं, काय शिकायचं, दिवसभर नेमकं करता काय, हे मला सारखं विचारलं जातं, म्हणून एकदा बसून सगळं नीट लिहून टाकतोय.

आधी थोडक्यात कामाची वाटणी. वादळ आलं, आग लागली, तर पहिल्या काही तासांत माणसं सुरक्षित काढणं हे इमर्जन्सी मॅनेजमेंट. बंद पडलेले सर्व्हर, सिस्टीम, डेटा परत उभा करणं ही डिझास्टर रिकव्हरी, म्हणजे डीआर. आणि ते सगळं उभं राहीपर्यंत शिकवणं, परीक्षा, पगार, संशोधन, हॉस्टेल कसंबसं का होईना चालू ठेवणं ही बिझनेस कंटिन्युइटी, म्हणजे बीसी. मोठ्या विद्यापीठात या तिन्हींना वेगवेगळी माणसं असतात, लहान ठिकाणी एकाच माणसाच्या गळ्यात तिन्ही पडतात आणि वर कॅम्पस सेफ्टीचं पण थोडं काम येतं. नोकरीची जाहिरात वाचताना पदाच्या नावावर जाऊ नका, रेझिलियन्स मॅनेजर, कंटिन्युइटी प्लॅनर, रिस्क ऑफिसर काहीही लिहिलेलं असतं, खाली कामांची यादी असते ती वाचा म्हणजे कळतं की तिन्हीतलं काय तुमच्या वाट्याला येणार आहे.

विद्यापीठ वेगळं का पडतं तर तिथे एकच एक धंदा नसतो. एकीकडे वर्ग चालतात, दुसरीकडे हजारो मुलं कॅम्पसवर राहतात आणि जेवतात, कुठेतरी प्रयोगशाळेत जिवंत प्राणी असतात, कुठे दहा-वीस वर्षं जमवलेले सॅम्पल्स असतात, काही ठिकाणी तर स्वतःचं हॉस्पिटलही असतं, आणि या प्रत्येकाचा बॉस वेगळा. कंपनीत वरून मेल आला की खाली अंमलबजावणी होते, इथे कुलगुरूंनी सांगितलं म्हणून प्राध्यापक ऐकेलच असं नाही, त्याला पटलं तरच तो करणार. त्यामुळे हुकूम सोडून काम करून घ्यायची सवय असलेला माणूस इथे लवकर वैतागतो. ज्याला माणसांशी बोलायला आवडतं, दुसऱ्याचं काम समजून घ्यायची खरी उत्सुकता असते, तो टिकतो.

सगळ्यात आधी अकॅडमिक कॅलेंडर पाठ करा

या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं कागदपत्र कुठलं असं विचारलंत तर मी अकॅडमिक कॅलेंडर म्हणेन. कारण विद्यापीठात कुठली सिस्टीम किती महत्त्वाची हे तारखेवर ठरतं. अ‍ॅडमिशन पोर्टल वर्षातले आठ-नऊ महिने चार दिवस बंद राहिलं तर कोणी विचारणारही नाही, पण फॉर्म भरायच्या शेवटच्या रात्री दोन तास बंद पडलं तर हाहाकार. निकालाची सिस्टीम, फीचं गेटवे, ग्रँटच्या अर्जाचं सॉफ्टवेअर, सगळ्यांचं असंच. बाहेरून आलेले कन्सल्टंट इथेच चुकतात, ते प्रत्येक सिस्टीमला एकच आकडा लावून मोकळे होतात.

उदाहरण बघा. मिशिगन विद्यापीठाने २७ ऑगस्ट २०२३ ला, रविवारी, संशयास्पद हालचाल दिसल्यावर कॅम्पसचं इंटरनेट स्वतःहून तोडलं, आणि दुसऱ्याच दिवशी नव्या सत्राचे वर्ग सुरू होणार होते. इंटरनेट परत यायला बुधवार उजाडला. आता विचार करा, वर्ग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी संपूर्ण कॅम्पसचं नेट बंद करायचा निर्णय घ्यायला कोणाला अधिकार आहे, तो माणूस रविवारी फोन उचलतो का, नाही उचलला तर पुढचा कोण, आणि नेट नसताना नव्या मुलांना वर्ग कुठे आहे हे कळणार कसं? हे सगळं आधी ठरवून लिहून ठेवलेलं असणं म्हणजे आपलं काम.

दुसरं उदाहरण नेदरलँड्सचं, मास्ट्रिख्ट विद्यापीठ. २३ डिसेंबर २०१९ ला रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, चाललं, ऐन ख्रिसमसच्या सुट्टीच्या तोंडावर. चोर आत शिरले होते ऑक्टोबरमध्येच, फिशिंग म्हणजे फसव्या मेलमधून, आणि दोन महिने शांतपणे नेटवर्कमध्ये फिरत होते. २६७ विंडोज सर्व्हर लॉक झाले, काही महत्त्वाच्या सिस्टीम्सचे बॅकअप त्याच नेटवर्कवर ऑनलाइन होते ते पण गेले, आणि शेवटी विद्यापीठाने ३० बिटकॉइन, तेव्हाचे साधारण २ लाख युरो, खंडणी दिली. पैसे देणं बरोबर की चूक यावर वाद घालायला खूप जागा आहे, पण त्यांच्या डोळ्यांसमोर जानेवारीत परत सुरू होणारे वर्ग आणि परीक्षा होत्या हे लक्षात घ्या. तिथेही घड्याळ कॅलेंडरचंच होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी जाहीर कार्यक्रम घेऊन काय घडलं ते सगळं मांडलं, तो अहवाल उपलब्ध आहे, या क्षेत्रात यायचं असेल तर तो नक्की वाचा. अशी मोकळेपणाने सांगितलेली माहिती फार कमी मिळते.

बीआयए म्हणजे खरं काम

बिझनेस इम्पॅक्ट अ‍ॅनालिसिस, सगळे बीआयए म्हणतात. प्रत्येक विभागात जायचं, ते काय करतात ते समजून घ्यायचं, ते थांबलं तर किती वेळात काय बिघडतं ते काढायचं. यातून दोन आकडे मिळतात: आरटीओ, म्हणजे किती वेळात हे परत चालू व्हायला हवं, आणि आरपीओ, म्हणजे किती वेळाचा डेटा गमावला तर चालेल. पुस्तकात हे दोन ओळीत संपतं, प्रत्यक्षात या आकड्यांपर्यंत पोचायलाच महिने जातात.

कारण पहिल्या भेटीत प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो, आमचं सगळंच क्रिटिकल आहे. यावर वाद घालू नका. फॉर्म पाठवून तर मुळीच विचारू नका, फॉर्ममध्ये सगळे चोवीस तास लिहून परत पाठवतात. समोर बसा आणि साधे प्रश्न विचारा. मागच्या वेळी सिस्टीम बंद पडली होती तेव्हा काय केलंत? महिन्याच्या कुठल्या दिवशी बंद पडली तर घाम फुटेल? हे काम येणारी माणसं किती आणि त्यातली दोन एकाच वेळी रजेवर असतील तर? कागदावर करता येतं का, आणि येत असेल तर तो कागद कुठे आहे? सही कोणाची लागते? शेवटचा प्रश्न फालतू वाटतो पण सगळ्यात जास्त त्यातूनच बाहेर येतं.

पगार विभागात बसून मी एकदा हेच प्रश्न विचारत होतो. सिस्टीम किती दिवस बंद चालेल, तर आधी एक दिवस म्हणाले, मग बोलता बोलता निघालं की महिन्यातले तीन-चार दिवस सोडले तर आठवडाभर बंद राहिली तरी निभावून नेतील, अगदीच झालं तर मागच्या महिन्याचीच फाइल बँकेला परत पाठवू आणि फरक नंतर अ‍ॅडजस्ट करू. इथवर छान. मग मी विचारलं की फाइल बँकेला जाते कशी, तर तिथल्या बाईंनी ड्रॉवर उघडून एक डिजिटल सहीचा डोंगल दाखवला, किल्लीच्या जुडग्याला अडकवलेला. संपूर्ण विद्यापीठाचा पगार त्या डोंगलवरून जातो, दुसरा डोंगल नाही, आणि पासवर्ड त्यांनाच माहीत. सर्व्हरचे दोन-दोन बॅकअप होते, डोंगलचा विचार कोणाच्याच मनात आला नव्हता. अशा गोष्टी कुठल्याच आर्किटेक्चर डायग्राममध्ये दिसत नाहीत, त्या माणसाशेजारी बसूनच दिसतात. त्याच महिन्यात दुसऱ्या अधिकाऱ्याच्या नावाने दुसरा डोंगल काढून घेतला, खर्च किरकोळ, धोका मात्र केवढा मोठा गेला.

बोलून झालं की दोन दिवसांत लिहून त्यांना परत पाठवा आणि बरोबर आहे का विचारा. महिन्याने पाठवलंत तर तुम्ही विसरलेले असता आणि तेही.

फ्रीझर, प्राणी आणि संशोधन

बाकी क्षेत्रांतून आलेल्यांना हा भाग नवीन असतो आणि मला सगळ्यात जवळचा वाटतो. वर्ग बुडाला तर परत घेता येतो. पंधरा वर्षं जमवलेले टिश्यू सॅम्पल वितळले तर ते परत येत नाहीत, कुठल्याही विम्याच्या पैशाने येत नाहीत, आणि त्यावर एखाद्याची पीएचडी उभी असते.

जून २००१ मध्ये ट्रॉपिकल स्टॉर्म अ‍ॅलिसनने ह्यूस्टनच्या टेक्सास मेडिकल सेंटरमध्ये पाणी भरलं. प्राण्यांची जागा तळघरात होती. बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये साधारण ३० हजार उंदीर बुडून मेले, शेजारच्या टेक्सास विद्यापीठाच्या हेल्थ सायन्स सेंटरमध्ये माकडं, कुत्रे, ससे, सगळं मिळून हजारो प्राणी गेले. त्यानंतर अकरा वर्षांनी, २९ ऑक्टोबर २०१२ ला, सँडी वादळात न्यूयॉर्क विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरच्या तळघरात तेच झालं, परत हजारो उंदीर, आणि वर हॉस्पिटलमधले ३०० हून जास्त पेशंट जिन्याने खाली उतरवावे लागले कारण वीजच गेली. तळघरात प्राणी, इंधनाचे पंप आणि विजेची पॅनल्स ठेवू नयेत हे सगळ्यांना पटतं, तरी ठेवली जातात, कारण तळघरातली जागा स्वस्त असते आणि वरची जागा सगळ्यांना हवी असते. नवी इमारत होत असेल तेव्हा त्या मीटिंगमध्ये स्वतःहून जाऊन बसा, एकदा काँक्रीट पडलं की तुमच्या रिपोर्टला काही अर्थ उरत नाही.

आणि दर वेळी वादळच लागतं असंही नाही. २०१२ मध्येच हार्वर्डशी संलग्न मॅकलिन हॉस्पिटलच्या ब्रेन बँकेत एक फ्रीझर बंद पडला, बाहेरचा डिस्प्ले उणे ७९ दाखवत होता, अलार्म वाजलाच नाही, आणि आत दीडशेच्या आसपास मेंदूंचे नमुने खराब झाले, त्यात ऑटिझमच्या संशोधनासाठीचे नमुने मोठ्या संख्येने होते. सप्टेंबर २०२० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सेलिअर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये फ्रीझरचा अलार्म सारखा बीप करत होता, दुरुस्तीला माणूस यायचा होता, दारावर तशी सूचना लावली होती आणि आवाज कसा बंद करायचा तेही लिहिलं होतं, तरी सफाईला आलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्याने मदत करायच्या भावनेने ब्रेकरच पाडला. अनेक वर्षांचं संशोधन गेलं, प्रकरण कोर्टात गेलं, दावा १० लाख डॉलरच्या वर होता. मला यात त्या कर्मचाऱ्याला दोष द्यावासा वाटत नाही. रात्री इमारतीत असणाऱ्या माणसाला अलार्म वाजला तर कोणाला फोन करायचा एवढं सांगितलेलं असायला हवं होतं, आणि ब्रेकरच्या पेटीवर कुलूप.

म्हणून कामाला लागल्यावर पहिल्या आठवड्यात प्रयोगशाळांमधून फिरा, डोळे उघडे ठेवून. बऱ्याच इमारतींमध्ये जनरेटरवर असलेले सॉकेट लाल रंगाचे असतात. उणे ८० चा फ्रीझर साध्या सॉकेटला आणि लाल सॉकेटला कॉफी मशीन, हे दृश्य मी स्वतः पाहिलंय आणि तुम्हालाही कुठे ना कुठे दिसेल. प्रत्येक फ्रीझरवर मालकाचं नाव, दोन फोन नंबर, आत काय आहे आणि बिघडला तर कुठल्या रिकाम्या फ्रीझरमध्ये हलवायचं हे चिकटवून घ्या. कोरडा बर्फ आणि लिक्विड नायट्रोजन सुट्टीच्या दिवशी कोण देतं ते आधी ठरवा. जे खरंच एकमेव आहे त्याचे दोन भाग करून दोन इमारतींत ठेवायला सांगा. एवढं केलंत तरी नोकरीचा पहिल्या वर्षाचा पगार वसूल झाला असं समजा.

डीआर: बॅकअप आहे आणि रिस्टोअर होतो, या दोन वेगळ्या गोष्टी

इथे आयटीवाल्यांशी जमवून घ्यावं लागतं. तुम्हाला सर्व्हर चालवता यायलाच हवा असं नाही पण त्यांची भाषा कळायला हवी. ३-२-१ चा नियम तर सगळ्यांना माहीत असतो, तीन प्रती, दोन प्रकारच्या मीडियावर, एक बाहेरच्या जागी, त्यात आता एक भर घाला की निदान एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण तुटलेली किंवा बदलता न येणारी हवी, नाहीतर मास्ट्रिख्टसारखं होतं. आणि बॅकअप स्वतःच घात करू शकतो हेही ध्यानात ठेवा: डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये बदल करताना गडबड झाली आणि ७७ टेराबाइट डेटा, ३ कोटी ४० लाख फाइल्स उडाल्या, १४ संशोधन गटांना फटका बसला आणि त्यातल्या ४ गटांचा डेटा परत आणता आला नाही.

रिकव्हरीचा क्रम लिहून काढा. सगळे सांगतात की आधी एलएमएस, म्हणजे ऑनलाइन वर्ग आणि असाइनमेंटची सिस्टीम, चालू करा, आधी ईमेल चालू करा, पण लॉगिनची सिस्टीम, डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा) आणि नेटवर्क उभं नसेल तर एलएमएस चालू होऊन उपयोग काय, कोणी आत शिरूच शकणार नाही. हा क्रम कागदावर छापून ठेवा, डीआर प्लॅनची एकमेव प्रत ज्या सर्व्हरवर आहे तोच पडला तर काय करणार. वर्षातून एकदा तरी एक खरी सिस्टीम रिकाम्या मशीनवर रिस्टोअर करून दाखवा असं आयटीला सांगा, सुरुवात एखाद्या लहान सिस्टीमने करा म्हणजे कोणाची अब्रू जात नाही, आणि किती वेळ लागला ते घड्याळ लावून नोंदवा. तो आकडा बीआयएमधल्या आरटीओशेजारी ठेवला की वरिष्ठांपुढे वेगळं भाषण करावं लागत नाही.

क्लाउडवर गेलो म्हणजे सुटलो असं समजणारे पुष्कळ आहेत. २० ऑक्टोबर २०२५ ला अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये बिघाड झाला आणि कॅनव्हास नावाचं एलएमएस वापरणाऱ्या असंख्य कॉलेजांतल्या मुलांना असाइनमेंट उघडता येईना. अशा वेळी तुमच्या आयटीच्या हातात काहीच नसतं, हातात असतं ते एवढंच की डेडलाइन आपोआप किती वाढणार हा नियम आधी ठरलेला असणं आणि शिक्षकाकडे मुलांची यादी व अभ्यासक्रम वेगळ्या जागी उतरवलेला असणं.

इमारतच नसेल तर

१७ जानेवारी १९९४ च्या पहाटे भूकंपाने कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, नॉर्थरिजच्या इमारती मोडल्या आणि महिन्याभराच्या आत शेकडो ट्रेलरमध्ये वर्ग भरायला लागले. न्यूझीलंडमध्ये कँटरबरी विद्यापीठाने २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपानंतर कॅम्पसवरच मोठे तंबू ठोकून लेक्चर सुरू केली. न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठाला कतरिना चक्रीवादळानंतर, ऑगस्ट २००५ मध्ये, संपूर्ण सत्रच बंद करावं लागलं, प्रशासन ह्यूस्टनहून चाललं, मुलं देशभरच्या दुसऱ्या कॉलेजांत शिकली आणि जानेवारी २००६ मध्ये कॅम्पस परत उघडला. तिन्ही ठिकाणी जागेइतकाच प्रश्न कागदाचा होता: दुसऱ्या कॉलेजात केलेले क्रेडिट धरायचे कसे, फी कोणाला, प्रयोगाचे तास कमी पडले तर पदवी द्यायची का. हे शैक्षणिक निर्णय तुम्ही घेऊ शकत नाही, पण ते कोण आणि कुठल्या बैठकीत घेईल हे आधी ठरवून घेऊ शकता. शेजारच्या एखाद्या विद्यापीठाशी मदतीचा लेखी करार असला तर फारच उत्तम.

लायब्ररीवाल्यांना विसरू नका, ते या बाबतीत बहुतेकांपेक्षा पुढे असतात. १८ एप्रिल २०२१ ला केपटाऊन विद्यापीठाच्या जॅगर लायब्ररीला डोंगरावरच्या वणव्याची आग लागली, वाचनकक्ष जळून गेला, पण आगीचे दरवाजे आपोआप पडल्यामुळे संग्रहाचा बाकीचा भाग वाचला, आणि मग आग विझवायच्या पाण्याने तळघर भिजलं. ओली पुस्तकं दोन दिवसांत वाळवली किंवा गोठवली नाहीत तर बुरशी धरते. कोल्ड स्टोरेजवाल्याचा नंबर तुमच्या यादीत हवाच, आणि तो सुट्टीतही लागणारा हवा.

आत शिरायचं कसं

यासाठी ठरलेली एक डिग्री नाही. मी पाहिलेली चांगली माणसं आयटी सपोर्टमधून आली, सेफ्टी ऑफिसमधून आली, परीक्षा विभागातून आली, फायर सर्व्हिस आणि लष्करातून आली. विद्यापीठात आधीच कारकुनी किंवा प्रशासनाचं काम करत असाल तर ती तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे, कारण कुठलं काम खरं कोण करतं हे तुम्हाला माहीत असतं आणि बाहेरच्याला ते शिकायला दोन वर्षं लागतात.

सर्टिफिकेटमध्ये दोन नावं चालतात. ब्रिटनची बिझनेस कंटिन्युइटी इन्स्टिट्यूट, १९९४ पासूनची, तिची सीबीसीआय परीक्षा अनुभव नसतानाही देता येते. आणि १९८८ ची डीआरआय इंटरनॅशनल, तिथे अनुभव कमी असेल तर एबीसीपी, दोन वर्षांच्या वर झाला की सीबीसीपी. दोन्ही एकदम करायच्या भानगडीत पडू नका, तुम्हाला जिथे काम करायचंय तिथल्या जाहिराती उघडा, जे नाव जास्त दिसेल ते घ्या. स्टँडर्डमध्ये बिझनेस कंटिन्युइटीचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आयएसओ २२३०१ माहीत हवं, पहिली आवृत्ती २०१२ ची आणि सध्याची २०१९ ची. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेचं एसपी ८००-३४ हे डीआर प्लॅनचं मार्गदर्शक फुकट उतरवता येतं, त्यात बीआयएचा नमुनाही आहे, सुरुवातीला पैसे न घालवता तेच वाचा. अमेरिकेची आपत्ती व्यवस्थापन संस्था फेमा, तिचे आयएस-१०० वगैरे छोटे कोर्सही ऑनलाइन फुकट आहेत, इन्सिडेंट कमांड, म्हणजे संकटात सूत्रं कोणाकडे आणि कशी असतात, ते त्यातून कळतं. पण खरं सांगू का, सर्टिफिकेटने सीव्ही वरच्या ढिगात जातो, नोकरी मिळते ती तुम्ही काहीतरी करून दाखवलेलं असतं त्यावर.

आणि करून दाखवायला नोकरी लागत नाही. तुम्ही आत्ता जिथे आहात तिथला एकच विभाग घ्या, कॉलेजचं ऑफिस असेल, लायब्ररी असेल, एखादी लॅब असेल, परवानगी घ्या आणि त्याची दोन पानांची बीआयए करा. मग त्याच विभागाबरोबर दीड तासाचा टेबलटॉप घ्या. टेबलटॉप म्हणजे सगळ्यांना बसवून एक प्रसंग सांगायचा आणि पुढे काय कराल ते विचारत जायचं. प्रसंग भव्यदिव्य नको, भूकंप आणि सायबर हल्ला एकाच दिवशी असलं काही लिहिलंत तर लोक हसतात आणि मनाने बाहेर पडतात. साधं लिहा: परीक्षेचा दिवस, सकाळचे आठ, इमारतीत पाइप फुटलाय, वीज बंद केलीय, प्रश्नपत्रिका पहिल्या मजल्यावरच्या खोलीत कुलपात आहेत आणि किल्ली ज्याच्याकडे तो ट्रॅफिकमध्ये अडकलाय. मग वीस मिनिटांनी एक भर टाका, कोणीतरी परीक्षा रद्द झाल्याचा मेसेज मुलांच्या ग्रुपवर टाकलाय. बघा चर्चा कशी रंगते. तुम्ही कमी बोला, लिहून घ्या, शेवटी तीन-चारच सुधारणा काढा आणि प्रत्येकीपुढे नाव आणि तारीख टाका. महिन्याने जाऊन त्या झाल्या का बघा. हा सगळा कागद, नावं काढून टाकून, मुलाखतीला घेऊन जा. पन्नास पानी प्लॅनचा टेम्प्लेट भरून आणणाऱ्या उमेदवारापेक्षा असा उमेदवार मला कधीही चालेल.

काम मिळाल्यावर पहिले काही महिने प्लॅन लिहायचा मोह आवरा. माणसं भेटा: रात्रपाळीचे सिक्युरिटी, इलेक्ट्रिशियन, हॉस्टेलचे रेक्टर, परीक्षा नियंत्रकांच्या हाताखालचा सगळ्यात जुना माणूस. जुने प्लॅन कपाटात सापडतील, ते हसण्यावारी नेऊ नका, वाचा, फोन नंबर लावून बघा, निम्मे बंद असतील पण तो विभाग तेव्हा कशाला घाबरत होता हे त्यातून कळतं. नवा प्लॅन लिहाल तेव्हा पहिल्या पानावर फक्त पहिल्या तासात काय करायचं ते ठेवा, धोरण, उद्दिष्टं, व्याख्या सगळं मागे ढकला, संकटात कोणी पान उलटत नाही.

कठीण काय आहे तेही सांगतो. चांगलं काम केलंत तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडलेलं बजेट मीटिंगमध्ये दाखवायला अवघड असतं. म्हणून लहान घटनाही नोंदवत चला, दोन तासांची वीज गेली, फ्रीझर वाचला, किती जणांचं काम थांबलं नाही, एका पानात लिहून वर पाठवा. माणसं बदलतात, विभागप्रमुख दर तीन वर्षांनी नवा येतो आणि तुम्ही परत पहिल्यापासून सुरू करता. मोठी घटना झाली तर दिवस-रात्र राहत नाही, घरच्यांना आधी कल्पना द्या. आणि मोठ्या घटनेनंतर लोक थकलेले असतात, रडतात, चिडतात, तेव्हा त्यांना विश्रांतीची पाळी लावून देणं हेही प्लॅनमध्ये हवं, त्यात तुमचं स्वतःचं नाव पण घाला.

मुलाखतीत तुम्हीही त्यांना प्रश्न विचारा. हे पद कोणाला रिपोर्ट करतं, कारण आयटीच्या खाली टाकलं असेल तर तुम्हाला प्रयोगशाळांत कोणी शिरू देणार नाही आणि सेफ्टीच्या खाली असेल तर आयटीवाले मीटिंगला येणार नाहीत, कुलसचिव किंवा त्या पातळीवर कोणीतरी पाठीशी हवं. संकटात विद्यापीठ बंद ठेवायचा निर्णय कोण घेतं आणि तो माणूस नसेल तेव्हा कोण, हे त्यांना लगेच सांगता येतं का बघा. आणि शेवटची रिस्टोअर टेस्ट कधी झाली, त्यात काय फसलं, हे जरूर विचारा. काहीच फसलं नाही असं उत्तर आलं तर टेस्ट खरी झालेली नाही असं धरून चला, आणि तरीही नोकरी घ्यायची ठरवलीत तर हजर व्हायच्या आधीच पहिल्या टेस्टची तारीख लेखी मागून घ्या, परीक्षेचा आणि अ‍ॅडमिशनचा काळ टाळून.